माझा सैल पट्टा आणि ओकसूनबाईंचा आवाज

मित्रांनो, आधीच एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला फसवल्यासारखं वाटायला नको. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मी हळू चालतो. थकलो म्हणून नव्हे. एका इंजिनिअरने सहा दिवस घाम गाळून मला मुद्दाम हळू केलं आहे, आणि तसं केलं नसतं तर एका बाईंचा आवाज कायमचा हरवला असता. ते कसं, ते सांगतो.

मला साधासुधा समजू नका. तुमच्या आजोबांकडे गाणी ऐकायचा टेप असेल, त्याची नि माझी बरोबरी नाही. कॅसेट तीच बसते, पण मी तिच्यावर चार वेगळ्या पट्ट्या भरतो. एका पट्टीवर गिटार, दुसरीवर ताल, तिसरीवर एकाचा आवाज, चौथीवर दुसऱ्याचा. चारही वेगवेगळ्या दिवशी भरता येतात आणि एकत्र ऐकता येतात. खोलीत माणूस एकटा असला तरी माझ्यामुळे त्याचा बँड होतो. माझा जन्म १९८४ साली जपानमधल्या एका कारखान्यात झाला, आणि त्या वर्षीच्या भावंडांत मी सगळ्यांत स्वस्त होतो. थोरल्यांना वेग कमी-जास्त करायचं बटण होतं, मला दिलं नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

सोल शहरातल्या बाजारातून मला उचललं ते बेक मुनसोप यांनी. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कोरियातले लोकही ते विसरत चालले होते. बेकसाहेब म्हणजे रॉक गायक. गाणी स्वतः लिहायचे, चाली स्वतः लावायचे आणि ‘लोखंडी पतंग’ नावाच्या बँडपुढे उभे राहून खांद्यापर्यंतचे केस उडवत गायचे. ‘उद्या बस येणार नाही’ हे त्यांचं गाणं एके काळी कॉलेजाकॉलेजांत गायलं जायचं म्हणे. मग सरकारी माणसांनी त्यांना बोलावून घेतलं. बस का येणार नाही? बस सरकारची आहे, वेळेवर येते. तुम्ही तरुण पोरांत निराशा पसरवता! झालं. गाण्यावर बंदी आली, दुकानांतून रेकॉर्डी गायब झाल्या, स्टेज बंद, रेडिओ बंद. केस कापावे लागले ते वेगळंच. पण गाणाऱ्याला गप्प बसवत नाही, म्हणून घरातल्या घरात गायला त्यांनी मला आणलं. पुढे बंदी उठली, पण तोवर नवी मुलं नवी गाणी गात होती. १९८९ साली बेकसाहेब बायकोला, एका गिटारला आणि मला घेऊन कॅनडात आले.

स्कारबरोत लॉरेन्स अव्हेन्यूवरच्या एका छोट्या प्लाझात त्यांनी ड्रायक्लीनिंगचं दुकान घेतलं. एका बाजूला तमिळ लोकांचं किराणा दुकान, दुसऱ्या बाजूला दातांचा डॉक्टर. ज्या हातांनी हजारो लोकांना नाचवलं, ते हात आता शर्टांच्या कॉलरींना वाफ देऊ लागले. तुम्ही म्हणाल, बिचारे. मी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत वीस वर्षं काढली आहेत आणि मला ते कधी बिचारे वाटले नाहीत. रविवारी दुकान बंद असायचं. त्या दिवशी बेकसाहेब मागच्या खोलीत येऊन ट्यूबलाइट लावायचे आणि धुऊन टांगलेल्या कोटांच्या दोन रांगांमध्ये खुर्ची ओढून बसायचे. कोटांमुळे आवाज घुमत नाही. स्टुडिओवाले त्यासाठी भिंतींना काय काय लावतात, आमच्याकडे अर्ध्या स्कारबरोचे हिवाळी कोट होते. त्रास एकच होता. ती ट्यूबलाइट सतत बारीक गुणगुणायची, आणि तिची गुणगुण गाण्यांबरोबर माझ्या टेपवर उतरायची. बेकसाहेब तिला कोरियन भाषेत शिव्या द्यायचे, त्या मी इथे सांगत नाही.

ओकसूनबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुकानात पँटी आखूड करायच्या, कोटांच्या चेनी बदलायच्या. गाणं हा आपला प्रांत नाही असं त्या म्हणायच्या. पण बेकसाहेबांना एक खोड होती. एवढा मोठा गायक, पण गाणं काही वेळेवर सुरू करता यायचं नाही. मग ओकसूनबाई हातातली शिवण बाजूला ठेवून मोजायच्या, ‘हाना, दुल, सेत’, म्हणजे एक, दोन, तीन, आणि गाणं सुरू व्हायचं. मोजता मोजता कधीतरी त्या मागून साथही द्यायला लागल्या. आवाज जाडसर, किंचित खरखरीत, पण सुराला पक्का. बाहेर त्या कधी कुणासमोर गायल्या नाहीत. त्या फक्त माझ्यापुढे गायल्या, हे मी अभिमानाने सांगतो.

दोन हजार सालानंतर माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल पडला. हा पट्टा मोटरचा फिरता जोर कॅसेटपर्यंत नेतो. तो सैल झाला तसा मी हळू चालायला लागलो. कुणालाही पत्ता लागला नाही, कारण भरायचो मीच आणि वाजवायचोही मीच. हळू भरलेलं हळूच वाजवलं की अगदी बरोबर ऐकू येतं. ही गोष्ट तेवढी नीट लक्षात ठेवा.

२००२ च्या हिवाळ्यात दुकानात अरविंद आला. पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. शाळेत असल्यापासून तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करणारा. इथे मात्र एका गोदामात खोकी उचलायचा आणि नोकरीच्या मुलाखती देत हिंडायचा. सूट एकच. प्रत्येक मुलाखतीच्या सकाळी तो सूट घेऊन यायचा, बेकसाहेब तिथल्या तिथे इस्त्री करून द्यायचे, आणि तो तोंड पाडून परत आला की चहा पाजायचे.

“कॅनेडियन एक्सपिरिअन्स नाही म्हणतात,” अरविंद सांगायचा.

“मी इतकी वर्षं स्टेजवर गायलो,” बेकसाहेब म्हणायचे. “इथे कुणी विचारलं? यू ट्राय अगेन. सूट मी बघतो.”

अकराव्या मुलाखतीत अरविंदला सॉफ्टवेअरमधली नोकरी लागली. पुढे त्याने जरा लांबच्या व्हिटबी गावात घर घेतलं, पण कपडे धुवायला तो स्कारबरोलाच यायचा. या माणसासाठी आपण काहीतरी करायला हवं, हे त्याच्या मनात ठाण मांडून बसलं होतं. आमचा सगळा गोंधळ त्या प्रेमापोटीच झाला.

आता त्या गाण्याचं सांगतो. दरवर्षी काही माणसं कोट धुवायला टाकतात आणि न्यायला येत नाहीत. गाव बदलतात, विसरतात, कधी मरतातसुद्धा. ओकसूनबाई अशा कोटांच्या खिशांना नावाची चिठ्ठी टाचून ठेवायच्या आणि वर्ष उलटलं तरी ते फेकू द्यायच्या नाहीत. २००४ साली बेकसाहेबांनी त्यावर गाणं केलं, ‘न नेलेले कोट’. पहिल्या पट्टीवर गिटार. दुसरीवर खोक्यावर थापा मारून धरलेला ताल. तिसरीवर ओकसूनबाई. चौथी पट्टी त्यांनी स्वतःच्या आवाजासाठी कोरी ठेवली, कारण शेवटचं कडवं काही केल्या सुचत नव्हतं.

“सुचलं की गाईन,” ते म्हणाले.

“सावकाश,” ओकसूनबाई म्हणाल्या. “कोट कुठे पळून चाललेत?”

२००६ च्या जानेवारीत ओकसूनबाई गेल्या. दुखणं लहानसं म्हणून हॉस्पिटलात गेल्या आणि परत आल्या नाहीत. बेकसाहेबांनी माझ्यावर एक चादर टाकली. तीन वर्षं मी तिच्याखाली पडून होतो. मित्रांनो, आम्हा वस्तूंना दुर्लक्षाचं दुःख होतंच, पण मला त्यांचा राग आला नाही. चादर काढली असती तर प्लेचं बटण दाबावं लागलं असतं, आणि तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं. ते समोर काउंटरवर उभे राहायचे, गिऱ्हाइकांशी नेहमीसारखे बोलायचे, आणि मागच्या खोलीत फक्त कोट टांगायला यायचे.

मग २००९ साली सोलहून दुकानात फोन आला. तिकडच्या काही तरुण मुलांना जुन्या रेकॉर्डींच्या ढिगात ‘लोखंडी पतंग’ सापडला होता आणि ती वेडी झाली होती. नोव्हेंबरात मोठा कार्यक्रम करू, नवी सीडी काढू, तुम्ही याच, असा त्यांचा धोशा. सहासष्टाव्या वर्षी असा फोन आल्यावर माणूस उड्या मारील. बेकसाहेबांनी अट घातली. ‘न नेलेले कोट’ पूर्ण झालं आणि ओकसूनच्या आवाजासकट स्टेजवर वाजलं, तरच येईन. तिच्याशिवाय मी स्टेजवर पाऊल ठेवणार नाही. शेवटचं कडवं त्यांना आता सुचलं होतं.

त्यांनी चादर काढली, कॅसेट घातली. ओकसूनबाईंनी मोजलं आणि दोन ओळी गायल्या. बेकसाहेबांनी पटकन बंद केलं, नाक शिंकरलं, आणि माइक जोडायला घेतला. नुसती खरखर. माझ्या चौथ्या पट्टीचा जॅक, म्हणजे माइकची पिन जिथे बसते तो भाग, गंजला होता. त्यांनी अरविंदला बोलावलं आणि बोटाने दाखवलं, “फक्त हा. जस्ट धिस वन.”

अरविंदने मला व्हिटबीला नेलं. कॅसेट बेकसाहेबांनी दुकानातच ठेवून घेतली. बेसमेंटमध्ये टेबलावर मला उताणं करून त्याने पंधरा मिनिटांत जॅक बदलला. तिथेच तो थांबला असता तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण माणूस पुण्याचा! हातात आलेलं काम एवढ्यावर सोडणं त्याला कमीपणाचं वाटतं. त्याने माझी धूळ काढली, वेग तपासायची खास कॅसेट घालून बघितली आणि कपाळावर हात मारला.

“सुहास, हा केवढा स्लो चालतोय! काका बिचारे इतकी वर्षं असंच वापरत होते.”

“तुला त्यांनी काय सांगितलं होतं?” वरून सुहासिनीने, त्याच्या बायकोने विचारलं.

“जॅक. पण आता सगळंच करून देतो ना, सरप्राइज!”

“एक फोन कर अन् विचारून घे.”

फोन करून विचारलं तर सरप्राइज कसलं? त्याने नवा पट्टा मागवला, बसवला, वेग काट्यावर आणला. जुना पट्टा कचऱ्यात गेला आणि गुरुवारी कचऱ्याची गाडी तो घेऊन गेली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. आपण नेमके चालतो आहोत या गर्वात मी स्कारबरोला परतलो.

रविवार होता. सोलचं विमान पुढच्या शनिवारी होतं. बेकसाहेबांनी कॅसेट घातली आणि प्ले दाबलं. ‘हाना-दुल-सेत!’ कुणीतरी घाईघाईने मोजलं. मग गाणं आलं ते पातळ, चिरकं, शाळकरी मुलीने पळत पळत म्हटल्यासारखं. हळू भरलेला आवाज मी आता भराभर वाजवत होतो. ओकसूनबाई त्यात कुठेच नव्हत्या.

बेकसाहेबांनी बंद केलं. “काय केलंस?”

“स्पीड करेक्ट केला,” अरविंद म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. काय घडलं ते त्याला तेवढ्यातच कळलं होतं.

बेकसाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “एकदा एक बाई आली होती दुकानात. नवरा वारलेला. त्याचं जॅकेट आणलं होतं. कॉलरवर डाग. मी विचारलं, काढू? ती म्हणाली, नको, फक्त बटण लावा. मी बटण लावलं. रोज तीस वेळा विचारतो मी, अरविंद. हा डाग काढू? हा ठेवू? यू डिडन्ट आस्क. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घालून आणलास तू माझा.”

मग ते म्हणाले, “सोलला कळवतो, येत नाही म्हणून.”

“शनिवारपर्यंत थांबा,” अरविंद म्हणाला. “प्लीज. मी परत होता तसा करतो.”

बेकसाहेबांनी हो म्हटलं नाही, पण कॅसेट काढून त्याच्या हातात दिली.

परत होता तसा करायचा म्हणजे किती हळू? पट्टा गेलेला. जुना वेग त्याने लिहून ठेवला नव्हता, चुकीचा आकडा कोण लिहून ठेवतो? नव्या पट्ट्यानिशी मला हळू करायचं तर मोटरच्या पाठीतला एक बारीक स्क्रू फिरवायचा, एवढाच उपाय होता. मंगळवारी अरविंद मला घेऊन दुकानात आला. “तुम्ही ऐका आणि सांगा,” तो म्हणाला आणि स्क्रू थोडा थोडा फिरवत गेला.

“जवळ आलं,” बेकसाहेब म्हणाले. मग, “नाही, मघाचं बरं होतं.” मग, “आता जरा जड.” दहाव्या वेळी त्यांनी हेडफोन काढून ठेवले. “पुरे. इतक्या निरनिराळ्या ओकसून ऐकल्या, आता मला खरी आठवत नाही.” हे वाक्य ऐकून मला माझ्या नव्या पट्ट्याची लाज वाटली. चौतीस वर्षं ज्या आवाजाबरोबर संसार केला तो आवाज त्यांच्या कानातून निसटत होता, आणि तो पुसत होतो मी.

“गिटार कुठल्या सुराला लावली होती तेव्हा?” अरविंदने शेवटचा प्रयत्न केला.

“माझ्या गळ्याला,” बेकसाहेब म्हणाले. “आणि तो गळाही आता राहिला नाही.”

बुधवारी अरविंदने ऑफिसातून सुट्टी घेतली. बेसमेंटमध्ये बसून तो तीच कॅसेट ऐकत होता, गाणं नव्हे, गाण्याच्या आधीचे दोन-चार रिकामे क्षण. आणि तो एकदम ताठ बसला. ट्यूबलाइटची गुणगुण! विजेची गुणगुण कधी बदलत नाही. वीज सेकंदाला ठरावीक हेलकावे घेते, आणि तिची गुणगुण त्याच मापाची असते. टेपवरची गुणगुण त्या मापाला आणून बसवली की ओकसूनबाईही आपोआप जागेवर येतील. ज्या आवाजाला इतकी वर्षं शिव्या खाव्या लागल्या तोच कामाला आला. अरविंदने लॅपटॉपवर माप घेतलं, स्क्रू फिरवला आणि गुरुवारी मला छातीशी धरून दुकानात पळत आला.

प्ले. एका जाड्याभरड्या पुरुषी आवाजाने सावकाश मोजलं, ‘हाऽना... दुऽल... सेऽत...’

बेकसाहेबांनी अख्खं कडवं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ही ओकसून नाही. हा तिचा भाऊ. बुसानला मासे विकतो.”

अरविंद हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून बेकसाहेबांनीच त्याला चहा करून दिला, जुन्या दिवसांतल्यासारखा. घरी आल्यावर त्याने मला टेबलावर ठेवलं आणि जेवलाही नाही.

शुक्रवारी ऑफिसातून आल्या आल्या सुहासिनी बेसमेंटमध्ये उतरली. सुहासिनी नागपूरची, आणि नोकरी वीज कंपनीत. इथले लोक विजेला हायड्रो म्हणतात. ती त्याच हायड्रोची इंजिनिअर.

“मला सांग बरं नीट. काय केलं तू?”

अरविंदने सगळं सांगितलं. मेथड बरोबर आहे, कॅल्क्युलेशन दोनदा चेक केलंय, तरी आवाज चुकीचाच येतो.

“विजेचं माप किती धरलं?”

“पन्नास. फिफ्टी हर्ट्झ. ते काय विचारायचं?”

सुहासिनी त्याच्याकडे बघतच राहिली. “अरे, तू राहतो कुठं? पन्नास आपल्या इकडं! इथं साठ असते ना! मी रोज ऑफिसमध्ये तेच तर पाहून राहिली.”

अरविंद पुटपुटला, “सात वर्षं इथे राहतोय. स्नो शोव्हल करतोय, विंटर टायर्स बदलतोय...”

“अन् डोकं अजून पुण्याच्याच लायनीवर चालून राहिलं,” सुहासिनी म्हणाली. “सरक तिकडं. स्क्रू मी धरते.”

या वेळी त्यांनी लॅपटॉपवर विसंबायचं नाही असं ठरवलं. बेसमेंटमध्येही एक जुनी गुणगुणणारी ट्यूबलाइट होती. सुहासिनीने ती लावली आणि शेजारी माझ्या टेपवरचे ते रिकामे क्षण पुन्हा पुन्हा वाजवले. दोन गुणगुणी एकमेकींशी भांडत होत्या. जसजसा स्क्रू फिरला तसतसं भांडण कमी होत गेलं आणि शेवटी खोलीत एकच गुणगुण ऐकू यायला लागली. गाणं सुरू व्हायच्या आत अरविंदने पटकन बंद केलं.

“ऐक ना, कसा आलाय आवाज,” सुहासिनी म्हणाली.

“नको. आधी त्यांनी ऐकू दे.” त्याने फोन लावला. “मिस्टर बेक, आत्ता येऊ का? आणि मागचं झाकण उघडं आहे. बंद करू, की तसंच आणू?”

“बंद कर,” तिकडून आवाज आला. “बाहेर थंडी आहे.”

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि बेकसाहेब दुकान बंद करत होते. मागच्या खोलीत त्यांनी ट्यूबलाइट लावली, दोन रांगांमध्ये खुर्ची ओढली. प्ले त्यांनी स्वतः दाबलं.

‘हाना, दुल, सेत.’

जाडसर, किंचित खरखरीत, सुराला पक्का. शेवटच्या आकड्याला जरा कंटाळलेला, कारण पँट अर्धवट शिवून ठेवली होती. बेकसाहेबांनी डोळे मिटले नाहीत. ते समोरच्या कोटांकडे बघत राहिले आणि गाल पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. गाणं संपलं तेव्हा ते फक्त म्हणाले, “हीच.” सुहासिनी दारात उभी राहून रडत होती. मलाही रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

मग त्यांनी माइक जोडला. रेकॉर्डचं लाल बटण चुकीच्या पट्टीवर दाबलं गेलं तर ओकसूनबाई पुसल्या जाणार होत्या. अरविंदने बोट बटणावर नेऊन थांबवलं.

“चौथी?” त्याने विचारलं.

“चौथी.”

“दाबू?”

“दाब.”

ओकसूनबाईंनी मोजलं आणि बेकसाहेब वेळेवर सुरू झाले. आवाज म्हातारा झाला होता, पण गाणं त्याला शोभत होतं. शेवटचं कडवं मराठीत सांगायचं तर असं काहीसं होतं: ‘चिठ्ठी टाचून ठेवली आहे, बाही झटकून ठेवली आहे, थंडी पडली की कधीही ये, दुकान उघडं आहे.’ ‘कधीही ये’ला त्यांचा आवाज फुटला. मागे ओकसूनबाई अगदी शांत गात होत्या, त्यांना काय माहीत?

“एक शब्द जरा फाटलाय,” अरविंद भीत भीत म्हणाला. “परत घ्यायचं का? तुमची पट्टी तेवढी पुन्हा भरता येईल.”

“नको. ती एकदाच गायली. मीही एकदाच.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मांडीवर बसून सोलला गेलो. तिथल्या स्टुडिओतल्या मुलांनी मला पाहून तोंडात बोटं घातली. एक म्हणाला, “ही गुणगुण काढू का? आमच्याकडे सोय आहे.” बेकसाहेब म्हणाले, “विचारलंस ते बरं केलंस. नको.” कार्यक्रमाला तीन हजार माणसं होती, आणि ज्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांनाही ती गाणी तोंडपाठ होती. सगळ्यांत शेवटी मला स्टेजवर एका स्टुलावर ठेवलं. बेकसाहेब माइकवर म्हणाले, “ही माझी बायको. पँटी आखूड करते. मोजते पण.” आणि माझ्यातून ओकसूनबाईंनी तीन हजार लोकांसमोर मोजलं. माझ्या आयुष्यात याहून मोठा दिवस आला नाही.

बेकसाहेब तिकडे राहिले नाहीत. ओकसूनबाईंची कबर इथे आहे. २०११ मध्ये त्यांनी दुकान विकलं आणि स्कारबरोतच एका छोट्या कॉन्डोत राहायला गेले. न नेलेले चौदा कोट मात्र चिठ्ठ्यांसकट बरोबर नेले. तिथे माझ्यासाठी जागा उरली नाही, म्हणून मी व्हिटबीला अरविंदच्या बेसमेंटमध्ये आलो, आणि इथेच मराठी शिकलो. गाण्याची नक्कल कॉम्प्युटरवर आहे, ती बेकसाहेब बसमध्येही ऐकतात. पण वर्षातून एकदा, जानेवारीत ओकसूनबाईंच्या तिथीला, ते ट्रेनने येतात आणि माझ्यातून ऐकतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाची तरी जुनी वस्तू असेल. तिची काळजी जरूर घ्या. आम्हाला धूळ आवडत नाही, चादरीखाली तर मुळीच आवडत नाही. पण आमच्यात काय नीट करायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे आम्हाला वापरणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. हात लावण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

यंदाच्या जानेवारीत गाणं ऐकून झाल्यावर अरविंद नेहमीप्रमाणे कापसाच्या बोळ्याने माझं हेड पुसत होता, टेप जिथे घासून जाते ती जागा. बोळा तपकिरी झाला.

“हे काय?” बेकसाहेबांनी विचारलं.

“टेपवरची भुकटी,” अरविंद म्हणाला. “आवाज हिच्यातच असतो. प्रत्येक वेळी वाजवलं की थोडी झिजून इथे राहते.”

त्याचा हात सवयीने कचऱ्याच्या डब्याकडे गेला होता. तो तिथेच थांबला.

“टाकू?”

बेकसाहेबांनी हात पुढे केला. बोळा घेऊन त्यांनी तो इस्त्रीच्या रुमालात ठेवला, रुमालाची घडी घातली, आणि शर्टाच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं.